पाव, निम्मा की अख्खा? रँचवरून मोठ्याचं घेताना किती घ्यावं

मोठ्याचं म्हणजे बीफ, आणि रँच म्हणजे गुरं पाळायचं मोठं शेत. पहिल्या वर्षी मी निम्मा गोऱ्हा घेतला. रँचवाल्याने फोनवर विचारलं, "क्वार्टर की हाफ?" हाफला पौंडामागे पंचवीस सेंट कमी पडत होते, तेवढ्यावर मी हो म्हणून मोकळा झालो. अकरा महिन्यांनी फ्रीजरच्या तळातून तीन-तीन पौंडांचे नऊ रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये अख्खे भाजायचे गोळे, निघाले. आमच्या घरात रोस्ट कुणालाच करता येत नाही. खिमा मात्र पाचव्या महिन्यातच संपला होता, आणि नळी तर एकही आली नव्हती, कारण ती मागावी लागते हेच मला माहीत नव्हतं.

मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहतो. नेब्रास्कात माणसांच्या सुमारे तिप्पट गुरं आहेत. १९५५ साली इथल्या गुरांच्या बाजाराने शिकागोला मागे टाकून देशात पहिला नंबर मिळवला होता. तो बाजार १९९९ मध्ये बंद झाला, पण थेट रँचवरून जनावर घेण्याची पद्धत चालूच आहे. इथले लोक लहानपणापासून हे बघत आलेले असतात, त्यामुळे त्यांना ते कुणी समजावून सांगत नाही. आपल्याला कुणीतरी सांगायला हवं. नेटवर "चार माणसांच्या कुटुंबाला निम्मं पुरतं" अशी कोष्टकं भरपूर मिळतात, पण ती स्टेक-रोस्ट खाणाऱ्या घरांसाठी केलेली असतात. आपल्याकडे शिजतो रस्सा, खिमा आणि सुकं. म्हणून किती घ्यायचं याचा हिशोब माणसं मोजून सुरू करू नका, पातेलं बघून करा.

आधी दोन आठवडे वही ठेवा

फ्रीजर घेण्याआधी, रँचवाल्याला फोन करण्याआधी हे करा. दोन आठवडे घरात मोठ्याचं किती वेळा शिजलं, प्रत्येक वेळी किती पौंड लागलं आणि कशाचं केलं, एवढंच लिहायचं. चिकन, मटण, मासे यात धरायचे नाहीत. इथे बहुतेकांचा अंदाज फसतो. "आम्ही खूप खातो" म्हणणाऱ्या घरात प्रत्यक्षात आठवड्याला दोन पौंड शिजत असतं.

आमच्या घरी चार माणसं. आठवड्यातून एकदा दोन पौंडांचा रस्सा, एकदा पौंडभर खिमा, म्हणजे तीन पौंड. महिन्यातून एकदा पाहुणे आले की आणखी चार. यातून वजाबाकीही करावी लागते. आम्ही वर्षाआड महिनाभर गावी जातो, श्रावणात आईसाठी घरात वशाट शिजत नाही, आणि उन्हाळ्यात मुलांना मासे हवे असतात. सगळं धरून वर्षाला दीडशे पौंडांच्या आसपास येतं. तुमचा आकडा काढा आणि हे गणित शेजारी ठेवा:

पाव जनावर म्हणजे वर्षभर आठवड्याला सुमारे अडीच पौंड. निम्मं म्हणजे पाच पौंड. अख्खं म्हणजे दहा.

आता वर्षाचं बारा महिन्यांत संपवायचं हे गृहीतच मी नंतर सोडून दिलं. शून्य अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, गोठलेलं मांस खराब होत नाही, पण चव उतरते. खिम्यासाठी अमेरिकेचं कृषी खातं तीन-चार महिन्यांची मुदत सांगतं, स्टेक आणि रोस्टसाठी चार ते बारा महिने. हवा काढून पॅक केलेलं याहून जास्त टिकतं. तरी मी आठ महिन्यांत संपेल एवढंच घेतो. पहिल्या खेपेला तर जो आकडा निघेल त्याच्या खालचीच पायरी धरा. कमी पडलं तर दुकान आहेच.

तीन वजनं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश.

ज्याला इथे सरसकट "काऊ" म्हणतात तो बहुधा खच्ची केलेला गोऱ्हा असतो, किंवा न व्यालेली कालवड. वय दीड ते दोन वर्षं. उभ्या जनावराचं वजन समजा १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. कापून, कातडं, डोकं, पाय आणि आतडी काढून हुकाला टांगलं की उरतात सुमारे ८०० पौंड. हे "हँगिंग वेट". मग ते दहा-चौदा दिवस थंड खोलीत टांगून मुरवतात. त्यात थोडं पाणी उडतं. नंतर हाडं आणि जादा चरबी काढून पाकिटं बांधली की हातात येतात सुमारे ५०० पौंड.

म्हणजे १३००, ८००, ५००. रँचवाला भाव सांगतो तो बहुतेक वेळा मधल्या आकड्यावर. काही जण जिवंत वजनावर सांगतात, काही थेट पाकिटांच्या वजनावर. तीन रँचचे भाव तुलनेला घेतले आणि तिघांचं वजन वेगळं असलं तर ती तुलना फुकट. सगळे भाव पाकिटाच्या पौंडावर आणा: जिवंत वजनाच्या भावाला दोन पूर्णांक सहाने गुणा, हँगिंगच्या भावाला एक पूर्णांक सहाने. कापणावळ वेगळी असेल तर हँगिंगच्या भावात ती आधी मिळवायची, मग गुणायचं.

उदाहरणादाखल पाव जनावर घेऊ. त्याचं हँगिंग वजन २०० पौंड. रँचवाल्याचा भाव पौंडाला पावणेपाच डॉलर धरला तर ९५० डॉलर. कापणारा वेगळा असतो, त्याचे पैसे वेगळे. अख्खं जनावर पाडण्याचे १२० धरले तर आपल्या पाव वाट्याला ३०. कापून बांधायचे पौंडाला १ डॉलर १० सेंट, तेही हँगिंग वजनावर, म्हणजे २२०. एकूण १२०० डॉलर. हातात १२५ पौंड आले तर पौंड पडला ९ डॉलर ६० सेंटला. हाडं आणि काळीज-जीभ मागून घेतली आणि वजन १४५ वर गेलं, तर तोच पौंड सव्वाआठला पडतो. पैसे तेवढेच. आपल्या पातेल्यात जातं ते सगळं मागून घ्या म्हणतो ते यासाठी.

हे भाव उदाहरणापुरते आहेत, तुमच्या भागात चौकशी करा. हल्ली ते चढेच सापडतील. २०२५ च्या जानेवारीत देशातल्या गुरांची संख्या मोजली गेली तेव्हा ती १९५१ नंतरची सर्वांत कमी निघाली होती.

आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा सरासरी भाव आहे. रिबआय, म्हणजे बरगड्यांजवळचा मऊ स्टेक, सव्वाआठ-साडेनऊला आणि खिमाही तेवढ्यालाच. दुकानात रिबआय याहून कितीतरी महाग असतो, पण साधा खिमा स्वस्त असतो. म्हणजे फायदा होतो तो स्टेकमुळे. तुमच्या घरी स्टेक कुणी खातच नसेल तर पाव जनावर घेऊन तुम्ही खिम्यासाठी जास्त पैसे मोजताय. अशा घराने दोनच गोष्टी कराव्यात: बऱ्याच रँच वीस-पंचवीस पौंडांचा नुसता खिम्याचा गठ्ठा विकतात, तो घ्यावा. किंवा म्हाताऱ्या गाईची चौकशी करावी.

म्हातारी गाय म्हणजे वेत बंद झालेली, कळपातून काढलेली. अमेरिकन लोक तिचा सगळाच्या सगळा खिमा करून टाकतात, कारण तिचे स्टेक चिवट लागतात. आपल्याला काय फरक पडतो? आपण कुकरच्या सहा शिट्ट्या काढतो. चरबी कमी, चव दणकट, भाव कमी. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश बंद झाल्यावर मोठ्याचं म्हणजे म्हैस-रेडाच मिळतो. त्या चवीची जीभ असेल तर तिला तरण्या, मक्यावर पोसलेल्या गोऱ्ह्याचं मांस फार तुपकट लागतं. म्हातारी गाय जास्त जवळची वाटते. एक अडचण आहे. तीस महिन्यांपुढच्या जनावराचा पाठीचा कणा आणि मेंदू खाण्यासाठी देता येत नाही, २००४ पासून तसा नियम आहे. शेपटीचे मणके त्यातून वगळलेले आहेत, ते मिळतात.

पाव म्हणजे नेमका कुठला पाव

पुढचा पाव की मागचा, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. पुढच्यात मान, खांदा, छाती, रिबआय. मागच्यात कंबर आणि मांडी, म्हणजे सरलॉइन, टी-बोन आणि चरबी नसलेले मोठाले गोळे. बहुतेक जण आता "मिक्स्ड क्वार्टर" देतात: एका बाजूचं, म्हणजे निम्म्या जनावराचं, सगळं कापून दोघांत सारखं वाटायचं. हे आपल्याला नवीन नाही. गावाकडे वाटे पडायचे तेच. प्रत्येक ढिगात थोडं मऊ, थोडं हाडाचं, थोडं काळीज, आणि मग जो तो आपापला वाटा उचलायचा.

निवड मिळाली आणि घरात रस्साच जास्त होत असेल, तर मी पुढचा पाव सांगेन. खांदा आणि मानेचं मांस शिजून जे विरघळतं त्याची सर मांडीला नाही. मांडीचं मांस रश्श्यात कोरडं पडतं. ते खिम्याला किंवा चान्यांना, म्हणजे वाळवलेल्या पट्ट्यांना, चांगलं.

मिक्स्ड पावात साधारण काय येतं ते सांगतो, म्हणजे अपेक्षा ठीक राहतील. पौंडांच्या हिशोबात चाळीस टक्क्यांच्या आसपास खिमा. रिबआय सहा-सात, टी-बोनही तेवढेच. बाकी खांद्याचे आणि मांडीचे रोस्ट, छातीचा तुकडा, थोड्या फासळ्या, रश्श्याचे तुकडे. जनावराला शेपूट एक, जीभ एक, हृदय एक. चौघांत जनावर घेतलं तर हे कुणाला, याची चिठ्ठी आधीच टाका. आमच्या चौकडीत एक गोव्याचं कुटुंब आहे. त्यांना मिठात मुरवलेल्या जिभेसाठी जीभ हवी असते आणि आमच्या घरी तिच्या रश्श्यासाठी. पहिल्या वर्षी यावरून दोन आठवडे अबोला होता. आता आलटूनपालटून घेतो. शेपूट केरळच्या मित्राकडे जाते, त्यावर कुणाची हरकत नाही.

कट शीट: खरा निर्णय इथे होतो

जनावर पडलं की कसं कापायचं हे विचारणारा एक फॉर्म, म्हणजे कट शीट, खाटकाकडून येतो किंवा फोन येतो. आमच्याकडे अशा छोट्या कत्तलखान्याला "लॉकर" म्हणतात. घरोघरी फ्रीजर नव्हते तेव्हा लोक तिथे थंड कप्पे भाड्याने घ्यायचे, त्यावरून पडलेलं नाव. त्या फोनवर "स्टँडर्ड करा" म्हणालात की संपलं. स्टँडर्ड म्हणजे इंचभर जाडीचे स्टेक, तीन-चार पौंडांचे रोस्ट, खिमा एकेक पौंडात, आणि हाडं-काळीज जातं टाकाऊत. मी तेच म्हणालो होतो.

आता मी काय सांगतो ते लिहून देतो. तुमच्या स्वयंपाकाप्रमाणे बदला.

खांद्याचे रोस्ट दोनच ठेवायचे, बाकी सगळ्या खांद्याचे दीड इंची तुकडे, दोन-दोन पौंडांच्या पाकिटात. पिंडरी आडवी कापायची, दोन इंच जाड, हाडासकट. हीच आपली नळी. मांडीची मोठी हाडं कापून मगजासाठी वेगळी. मानेची हाडं आणि फासळ्या करवतीवर छोट्या. हाडासकट रश्श्याचे तुकडे करायला काही लॉकर नाही म्हणतात, करवतीचा चुरा होतो म्हणून. म्हणून जनावर ठरवण्याआधीच लॉकरला विचारून घ्यायचं. खिमा दोन पौंडांत, जाडसर दळून आणि चरबी कमी. बारीक दळलेला खिमा परतताना त्याचा लगदा होतो. स्टेक एका पाकिटात दोन. आय ऑफ राउंड, म्हणजे मांडीतला लांबट गोळा, अख्खा, तो चान्यांसाठी.

काळीज, हृदय, जीभ, गुर्दे, शेपूट प्रत्येक नाव घेऊन मागायचं. "ऑर्गन्स" म्हणालात तर काळीज तेवढं येईल. एका जनावराचं काळीज दहा-बारा पौंडांचं असतं, ते सगळं घेऊ नका. वजडी मिळणं कठीण, कारण साफ करायला त्यांना वेळ नसतो. काही जण न धुतलेली देतात. पहिल्यांदा घेत असाल तर बायकोला आधी विचारा, मी विचारलं नव्हतं. फुप्फुस मागू नका, अमेरिकेत १९७१ पासून ते माणसाच्या खाण्यासाठी देताच येत नाही.

पॅकिंग हवा काढलेल्या प्लास्टिकचं मागा. कागदातलं स्वस्त असतं, पण आत काय आहे ते दिसत नाही.

चान्यांचं एवढंच सांगतो: अर्धवट गोठलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या निघतात, मीठ-हळद लावायची ते गावच्यासारखंच. मात्र दोरीवर उन्हात न घालता आधी ओव्हनमध्ये मांस आतून १६० अंश फॅरनहाइटपर्यंत तापवून घ्या, मग डीहायड्रेटरमध्ये वाळवा. नेब्रास्काचं ऊन मराठवाड्याच्या उन्हासारखं नाही.

कायद्याचं एक कलम

लॉकर दोन प्रकारचे. एकात सरकारी तपासनीस असतो, तिथलं मांस पाकिटागणिक विकता येतं. दुसरा "कस्टम" लॉकर, जिथे तुम्ही आपलं जनावर आपल्यासाठी कापून घेता. तिथल्या पाकिटांवर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का असतो. म्हणून रँचवाला जनावर जिवंत असतानाच तुम्हाला त्यातला वाटा विकतो. तुम्ही मालक झालात, मग कापलं. ते मांस घरच्यांनी आणि फुकट जेवणाऱ्या पाहुण्यांनी खायचं. उरलेलं मित्राला पौंडावर विकायचं नाही, आणि तिकीट लावलेल्या स्नेहभोजनात तर अजिबात वापरायचं नाही. चौघांत घेणार असाल तर चौघांची नावं जनावर कापण्याआधी लॉकरकडे लिहिलेली हवीत. वाटे नंतर घरी पाडायचे नाहीत.

फ्रीजर

पस्तीस पौंडांना एक घनफूट. पावाला पाच घनफुटांचा पेटीसारखा फ्रीजर पुरतो आणि बाकीची भाजीही मावते. निम्म्याला नऊ-दहा. तो मांस यायच्या दोन दिवस आधी चालू करा. मांस लॉकरकडून गोठलेलंच येतं, तासाभराचा रस्ता असेल तर कूलर आणि घोंगडी पुरते.

आत कापडी पिशव्या करा: खिमा एकीत, रश्श्याचं एकीत, हाडं एकीत. पेटीत सगळं सुटं टाकलं की जे वर आहे तेच शिजतं आणि रोस्ट तळाला जातात, जसे माझे गेले. झाकणावर कागद चिकटवा आणि पाकीट काढलं की रेघ मारा. वीज गेली तर झाकण उघडू नका. भरलेला फ्रीजर ४८ तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला २४.

रँचवाल्याला काय विचाराल

गेल्या वर्षीच्या जनावरांचं सरासरी हँगिंग वजन किती, हा पहिला प्रश्न. अँगस जातीचा गोऱ्हा ८५० पौंडांना टांगला गेला तर तुमचा पाव वाटा आणि बिल दोन्ही वाढतं. शेवटचे महिने मक्यावर होता की गवतावर? गवतावरच्याचं वजन कमी भरतं, चरबी पिवळट असते, शिजायला वेळ लागतो. "ग्रास-फेड" शब्दावर विसंबू नका. कृषी खात्याने त्याचं स्वतःचं मानक २०१६ मध्ये मागे घेतलं, आणि तसंही प्रत्येक वासरू सुरुवातीला गवतच खातं. "शेवटपर्यंत गवतावर का?" असं विचारा. लॉकर कुठला, त्याची तारीख कधीची? २०२० मध्ये मोठे कारखाने बंद पडले तेव्हा छोट्या लॉकरांच्या तारखा वर्ष-वर्ष पुढे गेल्या होत्या. आता तेवढं नाही, तरी ऑक्टोबरात मांस हवं असेल तर फोन वसंतात करावा लागतो.

बयाणा देऊन झाला की रँचवर एक चक्कर मारून या. जनावर ओळखू येणार नाही, पण ज्याच्याशी व्यवहार करताय तो माणूस कळतो. आमचा रँचवाला मुलांना कुंपणावर बसवून वासरं दाखवतो आणि त्यांतलं "आमचं" कुठलं हे मात्र कधी सांगत नाही.

यंदा मी दोन पाव घेतले, सहा महिन्यांच्या अंतराने, एक तरण्या गोऱ्ह्याचा आणि एक म्हाताऱ्या गाईचा. झाकणावरच्या कागदाप्रमाणे आज खिम्याची अकरा पाकिटं आहेत, रश्श्याची सात, नळीचं एक. पुढच्या कट शीटवर पिंडरीच्या ओळीत मी आत्ताच लिहून ठेवलंय: बाकीच्या वाटेकऱ्यांना नको असेल तर त्यांचीही.